बी.एड. की डी.एल.एड., आणि कोणतं कॉलेज? खान्देशातल्या मुलामुलींसाठी खर्चाचा आणि मोलाचा हिशेब

बी.एड.च्या सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे नात्यातल्या-ओळखीतल्या प्रत्येकाला वाटतं की मास्तर व्हायचं तर आधी सरांना विचारावं. कोणी साक्रीहून फोन करतं, कोणी शहाद्याहून, कोणी जामनेरहून. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कितला पैसा लागतीन?"

प्रश्न रास्त आहे. कापसाला भाव नसलेल्या वर्षी घरातून दोन वर्षांची फी काढायची म्हणजे खेळ नाही. पण फीचा आकडा हातात घेऊन कॉलेज निवडलेली कितीतरी मुलं मी नंतर हळहळताना पाहिली आहेत. म्हणून मी त्यांना वही काढायला लावतो आणि हिशेब एका ठरावीक क्रमानं मांडायला सांगतो. तोच क्रम इथे देतोय. माझ्या भाचीनं तिचं बी.एड. ठरवताना हाच क्रम वापरला, तेव्हा तिच्या वहीतले आकडेही मधेमधे येतील.

आधी वर्ग ठरवा, कोर्स नंतर

तुम्हाला कोणत्या वयाच्या मुलांना शिकवायचंय? याचं उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. पदवी चुकली तर अख्खी दोन वर्षं आणि सगळा पैसा वाया जातो. त्याच्यापुढे फीतला दहा-वीस हजारांचा फरक काहीच नाही.

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड., म्हणजे आपण जुन्या सवयीनं ज्याला डी.एड. म्हणतो तेच लागतं. एनसीटीईनं, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या परिषदेनं, २८ जून २०१८ च्या अधिसूचनेनं बी.एड.वाल्यांनाही या वर्गांसाठी वाट मोकळी केली होती. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ ला ती रद्द ठरवली. तरीही "बी.एड. मोठं, त्यात डी.एड. आलंच" असं समजणारे पालक आजही भेटतात. शिंदखेडा तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे आली होती. बी.ए. झालेली, बी.एड. झालेली, लहान मुलांत रमणारी. तिला गावातली पहिली-दुसरीच हवी होती. तिला हे सांगताना मला फार जड गेलं.

सहावी ते आठवीला पदवी आणि त्यासोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. चालतं. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. पहिली ते आठवीसाठी याशिवाय टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, हवीच: पहिली ते पाचवीला पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन. राज्याची महाटीईटी किंवा केंद्राची सीटीईटी, दोन्ही चालतात. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९० गुण. राखीव प्रवर्गाला यात सवलत आहे. एकदा पास झालं की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या, नोकरीतल्या शिक्षकांनाही ती दोन वर्षांत पास व्हायला सांगितलंय. शाळा सुटल्यावर मीही बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडून बसतो. सांगायचं कारण एवढंच, की टीईटीतून सुटका नाही. तिचा खर्च आणि वेळ पहिल्या दिवसापासून वहीत धरा.

आता पदवीचा विषय. पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, जागा "शिक्षक" म्हणून येत नाहीत, विषय आणि गट धरून येतात. बी.एस्सी. गणित किंवा इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्यांसमोरची रांग मराठी-इतिहासवाल्यांपेक्षा लहान असते, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. मराठी-इतिहासवाल्यांनी वाट सोडावी असं मी म्हणणार नाही. पण वाट बघण्याची वर्षं वहीत जास्त धरावी लागतील, आणि खर्च त्या बेतानं आवरता ठेवावा लागेल.

कोर्सच्या वाटा

बारावीनंतर डी.एल.एड. दोन वर्षांचं. प्रवेश बारावीच्या गुणांवर, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या ऑनलाइन प्रक्रियेतून. एनसीटीईच्या नियमानं बारावीला किमान ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला राज्याच्या नियमाप्रमाणे सूट मिळते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट आहे. प्रवेशाच्या आधी तिथे एक चक्कर माराच. जिल्ह्यातलं कोणतं अध्यापक विद्यालय नीट चालतं हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं. २००० नंतरच्या दशकात गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली, पुढे भरती आटली आणि त्यातली बरीच बंद पडली. जी टिकली ती एकाच मापाची नाहीत.

पदवीनंतर बी.एड. २०१५-१६ पासून तेही दोन वर्षांचं झालंय. पदवीला ५० टक्के, अभियांत्रिकीवाल्यांना ५५. प्रवेश सीईटी सेलच्या परीक्षेतून होतो: शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, बौद्धिक क्षमतेला ४० गुण, सामान्य ज्ञानाला ३०, शिक्षक अभियोग्यतेला ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. इंग्रजी माध्यमाचं कॉलेज हवं असेल तर ५० गुणांची ईएलसीटी, म्हणजे इंग्रजी भाषेची चाचणी, वेगळी द्यावी लागते.

बारावीतच शिक्षक व्हायचं पक्कं असेल तर चार वर्षांचा एकात्मिक कोर्स, आयटेप, बघून ठेवा. पदवी आणि बी.एड. मिळून पाच वर्षं लागतात, इथे चार. एका वर्षाचं राहणं-खाणं वाचतं. त्याची प्रवेश परीक्षा एनसीईटी, ती एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते. मान्यता असलेल्या संस्था मोजक्या आहेत, त्यामुळे घर सोडून लांब जाण्याचा खर्च धरूनच तुलना करा.

एक वर्षाच्या बी.एड.बद्दल हल्ली बरेच जण विचारतात. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी तसा कोर्स एनसीटीईच्या २०२५ च्या मसुद्यात आला. मसुद्याच्या भरवशावर कोणी आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका. नियम पक्का व्हावा आणि त्या कॉलेजला त्या कोर्सची मान्यता मिळावी, मग बोलावं.

मुक्त विद्यापीठाचं बी.एड. नोकरीतल्या शिक्षकांसाठी किंवा आधी नियमित शिक्षक-प्रशिक्षण झालेल्यांसाठी असतं. "घरबसल्या बी.एड." म्हणून ते कोणालाही मिळत नाही.

मान्यता आणि मंजूर फी: कागद बघितल्याशिवाय आकडा लिहू नका

प्रत्येक कॉलेजसाठी तीन गोष्टी तपासा. एनसीटीईच्या यादीत त्या कॉलेजचं नाव, कोर्स आणि मंजूर जागा आहेत का. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची चालू वर्षाची संलग्नता आहे का. आणि सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, यादीत त्याचा कोड आहे का. तिन्ही जुळलं तरच ते कॉलेज वहीत घ्या. मागच्या वर्षीची यादी बघून थांबू नका. एनसीटीई संस्थांकडून कामगिरी अहवाल मागवतं आणि तो न देणाऱ्यांवर कारवाईही झाली आहे.

मग फी. अनुदानित कॉलेजात शिक्षकांचा पगार शासन देतं, म्हणून तिथली फी कमी असते. विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, २०१५ च्या कायद्यानं. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय, वर्षनिहाय मंजूर आकडा असतो. तो छापून घ्या आणि कॉलेजच्या खिडकीवर मिळालेल्या पत्रकाशेजारी ठेवा. फरक दिसला तर लेखी विचारा. मंजूर फीच्या वर डोनेशन मागणं १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्यानं गुन्हा आहे. पावती न देता घेतलेला प्रत्येक रुपया याच खात्यात मोडतो, त्याला "विकास निधी" म्हणा नाहीतर "मेंटेनन्स".

वही मांडा: कॉलेजची फी हा एक रकाना

एका पानावर तीन कॉलेजं उभी लिहा. आडवे रकाने असे: दोन वर्षांची मंजूर फी, परीक्षा फी आणि विद्यापीठाची पात्रता फी, गणवेश, पाठ टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या आखणीच्या, वह्या, तक्ते, शैक्षणिक साहित्य, फाइलींची छपाई, खोली-मेस किंवा रोजचा प्रवास, आंतरवासितेच्या, म्हणजे सरावासाठी जिथे शिकवायचं त्या, शाळेपर्यंतचा प्रवास, कारण ती शाळा कॉलेजच्या गावात असेलच असं नाही, टीईटी आणि भरतीच्या चाचणीची, म्हणजे टेटची, फी-पुस्तकं.

भाची चोपडा तालुक्यातली, बी.एस्सी. गणित. तिच्या वहीतले गोळाबेरीज आकडे असे होते. तुमच्या गावचे वेगळे येतील, पद्धत तेवढी घ्या.

पहिला पर्याय, जळगावचं एक विनाअनुदानित कॉलेज. फी वर्षाला ४०,००० म्हणजे दोन वर्षांचे ८०,०००. खोली आणि मेस महिना ५,५००, वर्षातले दहा महिने धरून दोन वर्षांचे १,१०,०००. बाकी साहित्य, परीक्षा वगैरे १५,०००. एकूण २,०५,०००.

दुसरा, एसटीनं रोज जाऊन-येऊन करता येईल असं अनुदानित कॉलेज. फी वर्षाला १२,०००, दोन वर्षांची २४,०००. पास महिना १,२००, वीस महिन्यांचे २४,०००. दुपारचा चहा-नाश्ता महिना ६००, त्याचे १२,०००. साहित्य वगैरे तेवढंच १५,०००. एकूण ७५,०००.

तिसरा एका एजंटानं सांगितलेला, हद्दीपलीकडच्या मध्य प्रदेशातल्या एका कॉलेजचा. "सगळं मिळून नव्वद हजार, यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या." चार सत्रांच्या परीक्षांना जाणं-राहणं प्रत्येकी ६,००० धरलं तर २४,००० आणखी. आणि दोन वर्षांत काहीच शिकवून न घेतल्यामुळे मग टीईटी-टेटच्या क्लासला २५,०००. एकूण १,३९,०००.

हे बघून भाचीचे बाबा म्हणाले, "मग दुसरंच. विचार कसला करायचा?" मीही आधी तसंच म्हटलं असतं. पण अजून दोन गोष्टी वहीत यायच्या होत्या, सवलती आणि कॉलेजचं खरं मोल. सवलतींनी आकडा हलतो आणि मोलानं निर्णय हलतो.

प्रवासाबद्दल आधी एक सांगून टाकतो. विद्यार्थ्यांना एसटीच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. पास काढायचा राहिला त्या दिवशीही मुलींना अर्धं तिकीट लागतं. सुरत–भुसावळ रेल्वेच्या बाजूची गावं असतील, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, तर रेल्वेचा पासही विचारात घ्या. मात्र पॅसेंजरची वेळ आणि कॉलेजची वेळ जुळते का ते स्वतः एक दिवस जाऊन बघा. रोज पहिला तास बुडणार असेल तर तो पास स्वस्त पडत नाही.

सवलती: कागद आत्ताच जमवा

शासनाच्या शिष्यवृत्त्यांच्या महाडीबीटी पोर्टलवर सगळं एकत्र आहे. अनुसूचित जाती-जमातींना भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर. त्यावर उत्पन्न असलं तर शिक्षण फी आणि परीक्षा फी माफीची वेगळी योजना आहे. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेतून निम्मी फी मिळते. आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अट एकच लक्षात ठेवा: प्रवेश कॅपमधून हवा. संस्थास्तरावरच्या कोट्यातून घेतला तर ही सवलत गेली. कॉलेजचं आणि कोर्सचं नाव पोर्टलच्या यादीत आहे का ते पर्याय अर्ज, म्हणजे कॅपमध्ये हवी ती कॉलेजं क्रमानं भरायचा फॉर्म, भरण्याआधी बघा.

भाची ओबीसी. जळगावच्या कॉलेजच्या ४०,००० मध्ये शिक्षण फी ३४,००० होती, बाकी इतर. माफी धरली तर दोन वर्षांत ६८,००० वाचत होते. २,०५,००० चे १,३७,००० झाले. दुसऱ्या कॉलेजशी अंतर उरलं, पण निम्म्यानं कमी झालं. मध्य प्रदेशच्या कॉलेजला आपली कॅपची सवलत लागूच नाही.

राहण्याच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत: अनुसूचित जातीसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयम्, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. नंदुरबार, अक्कलकुवा, धडगावकडच्या मुलांनी आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज आधी भरावा. तिथे जागा मिळाली तर खोली-मेसचा अख्खा रकाना जातो.

पैसे उशिरा येतात, हे मात्र गृहीत धरा. म्हणून वहीत "माफ" असं लिहून ओळ खोडू नका. "आधी भरावे लागतील का, परत कधी" असं लिहा आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाला विचारा. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, जात वैधता यांची सुरुवात सीईटीचा फॉर्म भरतानाच करा. वैधतेचा अर्ज आपल्या भागात कितीतरी घरांत वर्षानुवर्षं अडकलेला असतो. त्यासाठी शेवटच्या आठवड्यात धावपळ करून काही होत नाही.

कॉलेज बघायला जा, आणि कामाच्या दिवशी जा

इथे वेळ द्या. फीचा आकडा घरबसल्या कळतो, कॉलेजचं मोल तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

बी.एड.मध्ये तुम्ही नेमकं काय विकत घेताय? वर्गासमोर उभं राहण्याचा सराव, आणि तुमच्या चुका बघून सांगणारा जाणता माणूस. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत हे सगळं मोजून ठेवलंय: वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, आठवड्याला ३६ तास, तासिका-प्रात्यक्षिकांना ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के हजेरी, दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत. वर्षाला शंभर प्रवेश, म्हणजे दोन वर्षांचे मिळून दोनशे विद्यार्थी असतील, तर प्राचार्यांसह सोळा पूर्णवेळ शिक्षक. तुमची फी याचीच किंमत आहे. मग माल पूर्ण मिळतो का, हे बघायचा तुम्हाला हक्क आहे.

मंगळवार-बुधवारी, अकराच्या सुमारास जा. वर्गात किती जण बसलेत ते मोजा. शिक्षकांची यादी मागा आणि त्यातले किती जण त्या दिवशी हजर आहेत ते नजरेनं ताडा. ग्रंथालयात जाऊन एखादं पुस्तक मागा. कपाटाला कुलूप असेल आणि चावी "मॅडम घरी घेऊन गेल्या" असेल, तर पुढचं विचारायची गरज उरत नाही. बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाची मुलं भेटतील. त्यांना विचारा: सूक्ष्म अध्यापनाचे छोटे सराव पाठ खरोखर होतात का, की फाइलीत लिहून घेतात? पाठाला निरीक्षक पूर्ण तास बसतो का? पाठ टाचण तपासून देतात की सही करून? मागच्या तुकडीतले किती जण टीईटी पास झाले? मुलं खरं सांगतात. त्यांना लपवायचं काही नसतं.

तुमची अध्यापन पद्धती, म्हणजे तुमच्या विषयाची मेथड, तिथे आहे का, हे नावानिशी विचारा. भाचीच्या बाबतीत इथेच गाठ पडली. ती दोन्ही कॉलेजं बघून आली. जळगावच्या कॉलेजात इमारत चकाचक, पण गणिताची मेथड शिकवणारं माणूस तासिका तत्त्वावर, आठवड्यातून दोनदा येणारं. रोज जाता येईल अशा कॉलेजात भिंतीचा रंग उडालेला, पण गणिताच्या मॅडम पूर्णवेळ, आणि त्या दिवशी एका छात्राध्यापिकेचा अपूर्णांकाचा पाठ संपल्यावर तिला बाजूला घेऊन अर्धा तास समजावत बसल्या होत्या. भाची घरी येऊन म्हणाली, "मामा, माझं ठरलं." योगायोगानं तेच स्वस्त होतं. उलटं असतं, गणिताच्या त्या मॅडम महाग कॉलेजात असत्या, तर मी तिला सवलत धरून महाग कॉलेज आधी लिहायला सांगितलं असतं. बासष्ट हजारांचा फरक मोठा आहे, पण पुढची तीस वर्षं वर्गात काढायची आहेत.

आंतरवासितेच्या शाळा कोणत्या, हाही प्रश्न विचारा. आपल्याकडे याला फार मोल आहे. वर्गात पाठ्यपुस्तकाची मराठी असते. मुलं घरून अहिराणी घेऊन येतात, रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्यात भिलोरी, पावरी. शहरातल्या इंग्रजी शाळेत वीस आठवडे काढलेल्याला जिल्हा परिषदेच्या किंवा आश्रमशाळेच्या वर्गात पहिले सहा महिने मुलं बोलतच नाहीत. भाचीची आंतरवासिता सातपुड्याच्या पायथ्याला एका आश्रमशाळेत झाली. दुसऱ्या आठवड्यात तिनं फोन करून विचारलं, "मामा, पावरीत उसनं घेणं कसं सांगतात? माझ्या वर्गात हातचा कोणालाच कळत नाहीये." मला येत नव्हतं. तिनं सातवीतल्या एका मुलीला हाताशी धरून ते शिकून घेतलं. असा अनुभव कोणत्याही क्लासमध्ये विकत मिळत नाही, आणि आदिवासी विकास विभागाच्या किंवा एकलव्य शाळांच्या मुलाखतीत बसलात की त्याची किंमत कळते.

आमच्या अमळनेरात प्रताप हायस्कूलला साने गुरुजींनी १९२४ ते १९३० शिकवलं. वसतिगृहातली मुलंही तेच सांभाळायचे. शिक्षक घडतो तो मुलांच्या सहवासात, ही गोष्ट या मातीला नवी नाही. म्हणून "यायची गरज नाही" असं सांगणाऱ्या कॉलेजचा मला मनापासून राग येतो, मग ते हद्दीपलीकडचं असो की अलीकडचं. बाहेरच्या राज्यातल्या मान्यताप्राप्त कॉलेजची नियमित पदवी चालते, त्याबद्दल वाद नाही. पण न जाता मिळवलेल्या पदवीत हजेरीचा कागद खोटा असतो आणि उद्या पडताळणीत तो तुमच्याच नावावर असतो. एजंट तेव्हा फोन उचलत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलानं असं बी.एड. केलं. पुढे एका खाजगी शाळेत नमुना पाठ द्यायला उभा राहिला तर फळ्याकडे पाठ करून दहा मिनिटंही बोलता येईना. मुलगा हुशार होता. त्याला कोणी उभंच केलं नव्हतं.

पगार कधीपासून, किती

वहीचं पुढचं पान. इथे स्वतःशी खरं बोला.

अनुदानित आणि जिल्हा परिषद शाळांत पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन मिळतं. २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,००० आहे. तीन वर्षांनी वेतनश्रेणी: प्राथमिकच्या प्रशिक्षित शिक्षकाला २९,२०० पासून, माध्यमिकच्या बी.एड. पदवीधराला ३८,६०० पासून मूळ वेतन, वर महागाई भत्ता वगैरे.

तिथवर पोहोचायला टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दोनशे गुणांची, आणि पवित्र पोर्टल. टेट पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये. तिसरी मे-जून २०२५ मध्ये. मधलं अंतर बघा: एकदा पाच वर्षांहून जास्त, एकदा सव्वादोन. बी.एड. संपल्याबरोबर भरती उभी असेल असं धरून कर्ज काढू नका. वहीत किमान दोन-तीन वर्षांची वाट धरा आणि त्या काळात कशावर जगणार ते लिहा. खाजगी शाळेत शिकवणार असाल तर तुमच्या तालुक्यातल्या दोन शाळांत खरा पगार किती हातात पडतो ते तिथल्या शिक्षकांना विचारा. जाहिरातीतला आकडा घेऊ नका.

"आमच्याकडे बी.एड. करा, आमच्याच शाळेत लावून घेऊ" असं सांगणारी संस्था भेटली तर दोन हात लांब राहा. त्या वाक्याच्या पोटात नंतर जागेसाठी मागायचे लाखो रुपये असतात. शेत विकून शिक्षकाची जागा घेतलेली आणि नेमणुकीला मान्यता न मिळाल्यानं दहा-दहा वर्षं बिनपगारी राबलेली माणसं मी जवळून बघितली आहेत. त्यांच्या घरची अवस्था सांगायला शब्द नाहीत.

कर्ज लागलंच तर

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण मागत नाहीत. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो, हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात. पण व्याज आधीपासून चढत असतं. दोन लाख रुपये, दहा टक्के, पाच वर्षं, तर हप्ता सुमारे ४,२५० येतो. १८,००० मानधनातून तो निघेल, खाजगी शाळेच्या पगारातून निघणं अवघड. म्हणून फक्त फी आणि खोलीपुरतं काढा आणि जमलं तर शिकत असतानाच व्याज भरत राहा. सोनं गहाण टाकून किंवा गावच्या सावकाराकडून महिन्याच्या टक्क्यानं घेऊन बी.एड. करू नका. एक वर्ष थांबून, काम करून पुढच्या सीईटीला बसलात तरी काही बिघडत नाही.

पर्याय अर्ज आणि प्रवेशाचा दिवस

कॅपच्या पर्याय अर्जात कॉलेजं स्वतः भरा, सायबर कॅफेवाल्याला "जवळची टाक" म्हणून सांगू नका. वहीतला क्रम तोच अर्जातला क्रम. जे कॉलेज बघून तुमचं मन नाही म्हणालं ते यादीत घालूच नका. तेच लागलं तर जाल का, असा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारा. तात्पुरत्या गुणवत्ता यादीत प्रवर्ग, टक्के, नावाचं स्पेलिंग तपासा. हरकतीची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते.

कॉलेज लागल्यावर प्रवेशाला घरातल्या एका मोठ्या माणसाला सोबत न्या, आबा असोत की आक्का. शुल्क प्राधिकरणाच्या आकड्याची प्रत हातात ठेवा. एका वेळी एकाच वर्षाची फी भरा, तीही ऑनलाइन किंवा डीडीनं, आणि फीचे भाग वेगळे दाखवणारी पावती मागा, कारण शिष्यवृत्तीला शिक्षण फी किती आणि इतर किती हे लागतं. शाळा सोडल्याचा दाखला जमा करावा लागतो. बाकी मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं दाखवून परत घ्यायची, त्यांच्या कपाटात ठेवायची नाहीत. निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून वहीत लिहा: महाडीबीटीचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत, पहिला पाठ कोणत्या महिन्यात, आणि तुमच्या मेथडच्या शिक्षकांचं नाव. पावतीचा फोटो काढा, वहीत चिकटवा, आणि परतीच्या एसटीसाठी पासाचा फॉर्म त्याच खिडकीवरून शिक्का मारून घ्या.